आमच्या आवारांतील गवत्या

मृग लागून चार सरी पडल्या आणि उन्हाळाभर धुळीनें भरलेल्या आवारांत गवताचीं पातीं डोकावूं लागलीं, कीं आमच्या मीरा-भाईंदरकडे एक प्रश्न दरसाल ऐकूं येतो : "अहो, हा हिरवा साप विषारी कीं बिनविषारी?" प्रश्न मोठा उपयुक्त आहे, परंतु तो बहुधा साप मारून झाल्यावर विचारला जातो. काठीच्या टोंकावर लोंबणारें तें हातभर हिरवें कलेवर पाहण्यास मंडळी जमतात. कोणी त्यास नागाचें पिल्लूं म्हणतो, कोणी हिरवी घोणस म्हणतो, आणि एखादे वृद्ध कोंकणी गृहस्थ हळूच म्हणतात, "अरे, हा तर गवत्या!" या शेवटल्या गृहस्थांचें म्हणणें पुष्कळ वेळां खरें असतें, पण त्या वेळीं गवत्यास त्याचा काय उपयोग?

ज्यांस आमचा मुलूख ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगतों. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तन-डोंगरीच्या टेकड्या व त्यांपलीकडे समुद्र, आणि पूर्वेच्या अंगास काशीमिरा, चेणे या गांवांच्या पाठीशीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य, असा हा टापू आहे. मध्यें मिठागरें आणि खारफुटीचीं रानें. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली व २००२ सालीं महानगरपालिका. तेवढ्या अवधींत भातखाचरांच्या जागीं सात-सात, वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु खाचर बुजविलें म्हणून त्यांतला बेडूक पत्ता बदलतो असें नाहीं. इमारतीभोंवतीं उरलेल्या चतकोर जागेंत पावसाळ्यांत गवत माजतें, गटाराच्या कडेला बेडूक जमतात, आणि त्यांच्या मागोमाग गवत्या येतो. तो आमच्याकडे पाहुणा आलेला नाहीं. आपणच त्याच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटलें आहे.

गवत्या हा ठेंगणा साप आहे. पूर्ण वाढलेला गवत्या दीड-दोन फूट भरतो. तीन फुटांचा म्हणजे त्यांतला भीमच समजावा. धामणीचा सडसडीत डौल त्याच्या अंगीं नाहीं. शरीर भरलेलें, शेंपटी आंखूड, डोकें रुंद व बसकें. पाठीचा रंग पावसाळी गवताचा, पण किंचित् मळकट. पोट पांढुरकें किंवा पिवळसर. त्याच्या पाठीच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध एक बारीक उभा कंगोरा असतो, व त्यामुळें त्याचें अंग इतर कित्येक सापांप्रमाणें चकाकत नाहीं. मखमलीच्या जुन्या तुकड्यासारखें तें मंद दिसतें. डोळा बराच मोठा व बाहुली वाटोळी. पिल्लाचें रूप मात्र निराळें असतें. त्याच्या मानेवर बाणाच्या टोंकासारखी एक ठळक काळी खूण असून तिच्या लगत पिवळा वा नारिंगी रंग असतो, आणि डोळ्यापासून जबड्याच्या कोपऱ्याकडे काळी रेघ उतरते. वय वाढतें तशी ही नक्षी फिकट होत जाऊन बहुधा नाहींशी होते. लहानपणीं नटलेला आणि मोठेपणीं साधा, असा हा क्रम मनुष्यजातींतही कोठें कोठें दिसतो.

तो जमिनीवरच वावरतो; झाडावर चढण्याची त्यास हौस नाहीं. चाल मंद आहे. दिवसा दिसतो, रात्रींही दिसतो. परंतु पावसाची झिमझिम असतां, संध्याकाळच्या सुमारास तो विशेष आढळतो. मादी अंडीं घालते, व तीं आठापासून पंधरापर्यंत असतात. चावण्याविषयीं त्याची ख्याति अशी आहे कीं, तो चावतच नाहीं म्हटलें तरी चालेल. मग तो स्वसंरक्षण करतो कसें? येथेंच त्याचें दुर्दैव ओढवतें. भय वाटलें कीं तो शरीराचा पुढचा भाग थोडा उचलतो आणि मान चपटी करतो. तो नागाचा फणा नव्हे. नागाच्या फण्याची ती गरिबाघरची नक्कल आहे. कोल्ह्यास किंवा मुंगसास भेवडविण्यासाठीं निसर्गानें त्यास हें सोंग दिलें असावें. परंतु मनुष्यापुढें हेंच सोंग त्याच्या जिवावर बेततें. फणा दिसला कीं काठी निघते.

गतवर्षीं श्रावणांत आमच्या इमारतीच्या वाहनतळापाशीं असाच एक प्रसंग घडला. शेजारच्या वहिनी कुंडींतील तुळशीस पाणी घालावयास उतरल्या आणि ओरडल्या. मी जाऊन पाहतों तों रखवालदार काठी उगारून उभा, आणि कुंडीच्या आडोशास हातभर गवत्या मान चपटी करून बसलेला. "गुरुजी, मागें व्हा, फणा काढलाय त्यानें," रखवालदार म्हणाला. मीं त्यास म्हटलें, "बाबा, फणा काढलेला नाग बसल्या जागीं तुला पोटरीइतका उंच दिसेल, आणि तो हिरवा नसतो. हा गवत्या आहे. तूं दोन पावलें मागें ये, म्हणजे तोही जाईल." रखवालदाराचा विश्वास बसला नाहीं, परंतु म्हाताऱ्याचा मान राखावा म्हणून तो मागें सरला. दोन-तीन मिनिटांत गवत्यानें मान आंवळली आणि भिंतीच्या कडेकडेनें गवतांत निघून गेला. वहिनींनीं मात्र पुढचे आठ दिवस तुळशीस पाणी वरच्या सज्जांतूनच घातलें.

आतां त्याच्या आहाराकडे वळूं. कारण या सापाचें खरें वैशिष्ट्य त्यांतच आहे. आपण घरगुती भाषेंत सरसकट ज्यांस बेडूक म्हणतों त्यांत दोन घराणीं स्पष्ट दिसतात. एक ओल्या, गुळगुळीत कातडीचें, लांब उड्या मारणारें. दुसरें कोरड्या, खरबरीत, चामखिळींनीं भरलेल्या पाठीचें, रस्त्यावरील दिव्याखालीं किडे टिपीत बसणारें. या दुसऱ्यास शास्त्रीय मराठींत भेक म्हणतात. भेकाच्या डोळ्यांमागें दोन फुगीर ग्रंथि असतात आणि त्यांतून पांढरें विषारी द्रव्य स्रवतें. घरच्या कुत्र्यानें कुतूहलानें भेक तोंडांत धरला, तर तो तत्काळ टाकून तोंडास फेस आणतो, हें ज्यांनीं कुत्रें पाळलें आहे त्यांनीं पाहिलें असेल. पुष्कळ मांसाहारी प्राणी भेकाच्या वाटेस जात नाहींत. गवत्याचें मात्र हें आवडतें अन्न! या विषाचा त्यास उपसर्ग होत नाहीं. भेक संकटांत सांपडला कीं पोटांत हवा भरून भोपळ्यासारखा फुगतो. पण गवत्याच्या वरच्या जबड्यांत पाठीमागें दोन मोठे दांत आहेत, व ते असल्या फुगलेल्या, निसटत्या भक्ष्यास धरून ठेवण्यास योग्य आहेत. प्राणिशास्त्रज्ञांनीं त्याच्या कुळास दीर्घकाळ 'मॅक्रोपिस्थोडॉन' असें ग्रीक नांव दिलें होतें. त्याचा अर्थ 'पाठीमागचे दांत मोठे असलेला'.

नांवांचा विषय निघालाच आहे तर एक मौज सांगण्याजोगी आहे. या सापाचें शास्त्रीय नामकरण थिओडोर कँटर नांवाच्या डॅनिश वैद्यानें १८३९ सालीं केलें, आणि त्याच्या जातीचें नांव ठेविलें 'प्लंबिकलर'. म्हणजे शिशाच्या रंगाचा! हिरव्यागार सापास असें नांव कां, हें कोडें वाटतें. पुष्कळ हिरव्या सापांची हिरवाई ही निळी छटा व पिवळें रंगद्रव्य यांच्या मिश्रणानें होते, आणि मेल्यावर किंवा मद्यार्कांत ठेविल्यावर पिवळें द्रव्य आधीं निघून जातें; मागें निळसर-करडी काया उरते. कोड्याचा उलगडा कदाचित् येथें असेल. उलट, ज्या हिरव्या सापास खरोखर विष आहे त्याचें लॅटिन नांव 'ग्रामिनियस' आहे, म्हणजे अक्षरशः 'गवती'! आमच्या कोंकण्यांनीं निरुपद्रवी सापास गवत्या म्हटलें, आणि साहेबानें विषारी सापास. रानांत वावरण्याचा प्रसंग आल्यास कोंकण्यांचें नांव पाठ करून जावें हें बरें.

गवत्यास मारलेला पाहिला कीं मला महाभारताच्या आदिपर्वांतील रुरूचें आख्यान आठवतें. प्रमद्वरा नांवाची त्याची वाग्दत्त वधू सख्यांसह खेळत असतां अजाणतां सापावर पाय पडून दंश झाला, व ती गतप्राण झाली. रुरूनें आपलें अर्धें आयुष्य देऊन तिला उठविलें, विवाह झाला; परंतु त्याच्या मनांतील क्रोध शमला नाहीं. दिसेल त्या सापास मारावयाचें अशी प्रतिज्ञा करून तो हातीं दंड घेऊन हिंडूं लागला. एके दिवशीं अरण्यांत त्यास एक वृद्ध डुंडुभ दिसला. डुंडुभ म्हणजे निर्विष सर्प. रुरूनें दंड उगारतांच डुंडुभ त्यास विचारतो कीं, मीं तुझा काय अपराध केला? मनुष्यास डसणारे सर्प निराळे. आम्ही केवळ आकारानें सर्प. त्यांच्या सुखाचे आम्ही वांटेकरी नाहीं, पण त्यांच्यावर येणाऱ्या आपत्तीचे मात्र वांटेकरी होतों. या युक्तिवादास रुरूपाशीं उत्तर नव्हतें. त्यानें दंड खालीं घेतला.

पुढें कथेंत कळतें कीं, हा डुंडुभ पूर्वीं सहस्रपात् नांवाचा ऋषि होता. त्यानें बालपणीं थट्टेनें गवताचा एक साप करून खगम नांवाच्या आपल्या मित्रास अग्निहोत्राच्या वेळीं भेवडविलें. मित्र मूर्च्छित पडला, आणि सावध झाल्यावर त्यानें शाप दिला कीं, हा साप जसा निर्वीर्य आहे तसाच तूं होशील. गवताचा साप! डुंडुभ हा शब्द कोशकार पाणसापाकडे नेतात, तेव्हां तो गवत्याच होय असा माझा मुळींच आग्रह नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांस सर्व साप सारखे नव्हेत हें ज्ञान होतें, यांत संशय नाहीं. सुश्रुतानें कल्पस्थानांत सर्पांचे ऐंशी प्रकार मोजले असून त्यांचे पांच वर्ग केले आहेत, आणि त्यांपैकीं एका वर्गास सरळ 'निर्विष' हें नांव देऊन त्यांत बारा प्रकार घातले आहेत. सुश्रुताचे वंशज म्हणविणारे आपण रात्रीं सापाचें नांव घेऊं नये म्हणून 'लांबडें' म्हणतों, आणि दिवसा दिसला कीं जात न विचारतां झोडपतों.

तथापि रुरूचें भय निराधार होतें असें कोणीं समजूं नये. आपल्या देशांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिला आहे. म्हणजे दरसाल अठ्ठावन्न हजार. यांतले बहुतेक बळी शेतकरी व मजूर असतात, आणि मुख्य अपराधी आपल्या परिचयाचे चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसें. यांपैकीं एकही हिरवा नाहीं, ही गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी.

पण म्हणून 'हिरवा तो बिनविषारी' असें सूत्र मुलांस शिकवूं नये. तें अर्धवट ज्ञान गवत्याच्या हत्येहून अधिक घातक ठरेल. आमच्या बाजूस हिरवे साप मुख्यतः तीन. गवत्या सांगितलाच. दुसरा हरणटोळ. हा वेलीसारखा सडपातळ, चार-पांच फूट लांब, टोंकदार नाकाचा, झाडाझुडपांत राहणारा. त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, आणि तेवढ्यावरूनही तो ओळखूं येतो. त्याचें विष सौम्य असून तें सरडे व पक्षी यांच्या कामाचें. मनुष्यास त्यापासून प्राणभय नाहीं. तरी बिचाऱ्यावर आळ केवढा! तो उडी घेऊन टाळू फोडतो, डोळे फोडतो, अशी समजूत सर्वत्र आहे. त्याच्या कुळाचें शास्त्रीय नांव 'अहेतुल्ला' हें देखील डोळे फोडणारा अशा अर्थाच्या सिंहली शब्दावरून आलें. आमच्या सह्याद्रींतील व सिंहलद्वीपांतील हरणटोळ एकच अशी समजूत बराच काळ होती. २०२० सालीं भारतीय संशोधकांनीं ते निरनिराळ्या जातींचे आहेत असें दाखविलें.

तिसरा चापडा. याच्याशीं मात्र गांठ पडल्यास दोन हात दूर राहावें. राष्ट्रीय उद्यानाच्या अंगच्या ओढ्याकांठीं, बांबूच्या बेटांत व झुडपांत तो फांदीस शेंपटीचा विळखा घालून तासन्‌तास निश्चल बसतो. डोकें रुंद त्रिकोणी, मान एकदम बारीक, बाहुली मांजरासारखी उभी. नाकपुडी व डोळा यांच्या मध्यें दोहों बाजूंस एक एक खळगा असतो. त्या खळग्यानें त्यास उंदीर वा पक्षी यांच्या शरीराची ऊब अंधारांतही समजते. हा अंडीं घालीत नाहीं, पिलांसच जन्म देतो. त्याच्या दंशानें मृत्यु क्वचित्‌च येतो, परंतु वेदना व सूज भयंकर होते. आणखी एक अडचण अशी कीं, आपल्या रुग्णालयांत जें प्रतिविष टोंचतात, तें वर सांगितलेल्या चार सापांच्याच विषापासून घोड्यांच्या रक्तांत तयार केलेलें असतें; चापड्यासाठीं तें नाहीं. परळची हाफकिन संस्था १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं निघाली, व पुढें प्रतिविषाच्या कामासही लागली. पण या हिरव्या धन्याचें औषध अद्याप बाजारांत नाहीं. त्याच्या दंशावर डॉक्टरांस लक्षणें पाहूनच उपचार करावे लागतात.

गवत्याविषयींही अलीकडे एक नवी गोष्ट पुढें आली आहे, व ती ऐकून त्यास खेळवूं पाहणाऱ्या उत्साही तरुणांनीं हात आंवरावा. २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें कूळ बदलून त्यास 'रॅब्डोफिस' या कुळांत घातलें. या कुळांतील जपानी साप 'यामाकागाशी' हा दीर्घकाळ निरुपद्रवी समजला जात असे. परंतु त्याच्या मागच्या दांतांनीं खोल दंश झाल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, व त्यानें माणसें मेल्याचींही उदाहरणें आहेत. शिवाय त्याच्या मानेच्या कातडीखालीं ग्रंथींच्या जोड्या असतात, आणि त्यांत तो स्वतः विष तयार करीत नाहीं. खाल्लेल्या भेकांचें विष सांठवून ठेवितो. २००७ सालीं हें प्रयोगानें सिद्ध झालें. ज्या बेटावर भेक नाहींत तेथील सापांच्या ग्रंथींत हें विष नसतें! शत्रूचें शस्त्र हिरावून तेंच आपल्या कमरेस बांधावें, असा हा प्रकार. आमच्या गवत्यानें कोणाचा प्राण घेतल्याचें ऐकिवांत नाहीं, आणि त्याचा शांत स्वभाव सर्वमान्य आहे. परंतु जपानी चुलत्याचा दाखला समोर असतां त्यास हातांत घेऊन छायाचित्र काढविण्याचें कारण काय? तो मारण्याची वस्तु नव्हे, तशी खेळणेंही नव्हे.

घरांत किंवा जिन्यांत हिरवा साप दिसला तर काय करावें, असें भगिनीवर्ग विचारतो. मुलांस व मांजरास दूर न्यावें. साप दृष्टीआड होऊं न देतां सात-आठ फुटांवर एकानें उभें राहावें. आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. सापास पकडण्याचा घरगुती प्रयत्न करूं नये. ओळख पटली असें वाटलें तरी करूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांस संरक्षण दिलें आहे. तें घरीं सांगितलेलें बरें, कारण कांहीं पुरुषांस दयेपेक्षां दंडाची भाषा लौकर कळते. दंश झालाच, तर तो कोणत्या सापाचा याचा काथ्याकूट न करतां, जखम न कापतां, करकचून दोरी न बांधतां, दंश झालेला अवयव हलूं न देतां रुग्णालय गांठावें. मांत्रिकाच्या गुणाची जी ख्याति असते ती बहुतांशीं गवत्या, धामण, दिवड यांनीं मिळवून दिलेली असते. ज्या दंशांत विषच नव्हतें तो कोणत्याही मंत्रानें उतरतो.

एक लहानशी सूचना इमारतींच्या व्यवस्थापक मंडळांस. पावसाळा ओसरला कीं आवारांतील गवत यंत्रानें कापण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. धामण यंत्राचा आवाज होतांच पळते. गवत्या मंदगति असल्यामुळें जागच्या जागीं मान चपटी करून बसतो, आणि यंत्राच्या पात्यास त्या सोंगाची भीति वाटत नाहीं. आमच्याकडे गेल्या आश्विनापासून असें ठरलें आहे कीं, यंत्र चालविणाऱ्यानें प्रथम लांब काठीनें गवत एका कडेकडून हलवीत यावें, कुंपणाकडील एक पट्टा न कापतां सोडावा, आणि मग चहा घेऊन कामास लागावें. तो मनुष्य चहाच्या अटीवर खूष आहे. मागल्या खेपेस त्या पट्ट्यांत दोन गवत्ये शिरतांना रखवालदारानेंच मला हांक मारून दाखविले.